धावती बोटं

"बोटं दाखव," वाठोरे सर म्हणाले.

मी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, एकेक नख पाहिलं, करंगळी धरून इकडे-तिकडे वळवली. बाजारात भेंडी घेताना टोक मोडून पाहतात तसं चाललं होतं. मागच्या बाकांवरची खडखड थांबली. सगळी पोरं बघत होती.

"सुजली तर नाही."

"नाही सर."

"लचकली-बिचकली?"

"नाही."

"परीक्षेत हाताले घाम येते का?"

"सगळ्यांना येतो तेवढा."

"मंग नापास काऊन झाली वं तू?"

ते दुसऱ्यांदा विचारत होते, कारण मी दुसऱ्यांदा नापास झाले होते.

०

ही सुरुवात बरोबर नाही झाली. माझ्या नापास होण्यात विशेष काय, ते आधी सांगायला हवं होतं. पुन्हा सुरू करते.

माझे वडील पुसदला पाटबंधारेच्या ऑफिसात कारकून होते. नोकरीत असतानाच गेले. त्यांच्या मागे अनुकंपावर मला घेतलं. अट एकच: मुदतीच्या आत मराठी टायपिंगची परीक्षा पास व्हायची. नाही झालं तर जागा गेली, आणि एका घराला अनुकंपा दोनदा मिळत नाही. घरात आई होती आणि बारावीतला भाऊ. पगार माझा एकटीचा.

आता गंमत ऐका. ऑफिसात मी दिवसभर टाइपच करायचे. साहेब सांगत जायचे आणि त्यांचं वाक्य संपायच्या आत पडद्यावर उमटलेलं असायचं. "आडे, मी अजून बोललो नाही ते तुम्ही कसं टाइप करता?" असं ते एकदा म्हणाले होते. मोजणी अहवाल, स्मरणपत्रं, कालव्याच्या तक्रारी, सगळं माझ्याच हातून जायचं. परीक्षेला मिनिटाला तीस शब्द लागतात. माझे पन्नासच्या वर भरायचे.

दुसरा निकाल लागला तेव्हा आमच्या ऑफिसातल्या तायडेबाई म्हणाल्या, "प्रणिता, पेपर कोरा सोडून येते का काय तू?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत. पुढची परीक्षा मुदतीच्या आतली शेवटची होती, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. माझी सेवापुस्तिका त्यांच्याच कपाटात असायची.

०

आणि सरांबद्दल.

आमच्या टायपिंग क्लासच्या वाठोरे सरांनी अर्धं आयुष्य लोखंडी टाइपरायटरवर शिकवलं. त्या मशीनवर कळ दाबली की आतून एक दांडी उठते आणि फितीवर जाऊन आपटते. दोन कळा एकदम दाबल्या की दोन दांड्या तोंडाशी एकमेकींत अडकतात. मग काम थांबवायचं, बोटांनी दांड्या सोडवायच्या, बोटं काळी करून घ्यायची. म्हणून त्या काळी सर पट्टीच्या ठेक्यावर शिकवायचे. एक ठोका, एक अक्षर.

पुढे कॉम्प्युटर आले. बाकीच्या क्लासवाल्यांनी टेबलावरची मशीन बदलली आणि शिकवणं तेच ठेवलं. सर मात्र नव्या कीबोर्डसमोर आठवडाभर एकटेच बसून राहिले, असं त्यांची बायको सांगायची. मग उठले आणि म्हणाले, "याच्यात दांड्याच नाहीत. मंग बोटानं थांबायचं कोणासाठी?"

तिथून धावती बोटं सुरू झाली. म्हणजे कसं की पहिलं बोट खाली जातं तेव्हा दुसरं निघालेलंच असतं आणि तिसऱ्याला आपली पाळी कळलेली असते आणि पहिलं उठायच्या आत दुसरं टेकतं आणि दुसरं उठायच्या आत तिसरं आणि हे सगळं होत असताना तुमची मान उताऱ्याकडे वळलेली असते कारण पडद्याकडे बघायचं नाही कीबोर्डकडे बघायचं नाही फक्त उतारा वाचायचा आणि वाचता वाचता तो आपोआप हातातून निघून जातो आणि मधे कुठे श्वास घ्यायचा ते सुद्धा आठवत नाही

असं.

मान पडद्याकडे वळली तर पट्टी बसायची. सरांची पोरं पडद्याकडे कधीच बघत नसत, हा त्यांचा अभिमान होता. जिल्ह्यात पहिली येणारी पोरं वर्षानुवर्षं आमच्याच क्लासची.

मग अचानक ती नापास व्हायला लागली. सगळी नाहीत. चांगली तेवढीच.

०

पेढ्यांचा प्रसंग सांगते, म्हणजे नीट कळेल.

पहिल्या निकालाच्या संध्याकाळी गोपाल टाले पेढे घेऊन क्लासात आला. गोपाल दोन बोटांनी टाइप करायचा. एक अक्षर शोधायचा, सापडलं की आनंदानं दाबायचा, मग पुढचं शोधायचा. सरांनी त्याच्यावर पट्टी उगारणंसुद्धा सोडून दिलं होतं. तो काठावर पास झाला होता. आमच्या ओळीतले, पहिल्या दोन बाकांवरचे, सगळे नापास.

गोपालनं पुडा धरला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, मी काई नाही केलं."

"अरे, पास झालास. घे की तू पण," मी म्हटलं.

"मले लाज वाटून राहिली."

सरांनी एक पेढा उचलला, हातात धरून ठेवला. "गोप्या, तू परीक्षेत काय केलं? खरं सांग. रागावणार नाही."

"जे इथं करतो तेच, सर."

"म्हणजे काहीच नाही."

"हो, सर."

सर कोणाला हसले नाहीत, ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिलं: सकाळी एक तास जादा. त्यांचं म्हणणं, परीक्षेच्या धाकानं आमचे हात ढिले पडत होते. त्यावर इलाज म्हणजे आणखी वेग. आम्ही पहाटे यायला लागलो, बोटं आणखी धावायला लागली, आणि पुढच्या परीक्षेत मागच्याहून जास्त जण पडले.

त्यानंतर सरांनी माझी बोटं तपासली. तिथून मी ही गोष्ट सुरू केली होती.

०

सरांनी परीक्षा मंडळाकडे तक्रार केली. उत्तर येईल असं कोणालाच वाटलं नव्हतं, पण आलं. परीक्षा केंद्रावर येऊन प्रात्यक्षिक दाखवा. मंडळाचे निरीक्षक कोठेकर साहेब हजर राहतील, आणि केंद्रावरचे कॉम्प्युटर पुरवणाऱ्या पुण्याच्या कंपनीचा एक माणूसही.

माणूस म्हणजे ऋता सबनीस होती. माझ्याच वयाची, पाठीवर सॅक, प्रवासानं कंटाळलेली. तिनं कॉम्प्युटर सुरू केला, परीक्षेचा प्रोग्रॅम उघडला आणि उताऱ्यातल्या दोन ओळी स्वतः टाइप केल्या. चार बोटांनी, मान वर-खाली करत.

"बघा. सगळं बरोबर उमटतंय."

कोठेकर साहेबांनी घड्याळ पाहिलं. "मग झालं तर. वाठोरे, पोरांचा सराव वाढवा."

"तोच वाढवला न साहेब," सर म्हणाले. "आडे, बस."

मी बसले. उतारा डावीकडे. मान वळवली आणि सुरू केलं. माझ्यापुरती ती ओळ अशी होती: सकाळी नदीकाठी गावातील लोक जमले. पुढे अजून बरंच होतं. मी थांबले नाही.

"थांबा," ऋता म्हणाली. "थांबा, थांबा. हे काय आहे?"

मी पहिल्यांदा त्या पडद्याकडे पाहिलं.

साकळी नीदकाठी गावातली लको जमले

"हे मी नाही केलं," मी म्हटलं. अगदी गोपालसारखं.

"परत करा. हळू."

मी हळू केलं. सकाळी नदीकाठी गावातील लोक जमले.

"आता मघासारखं."

साकळी.

"पुन्हा हळू."

सकाळी.

सर पडद्याजवळ वाकले होते. त्यांच्या हातातली पट्टी मधे लोंबत होती. मला वाटलं ते ओरडतील. ते इतकंच म्हणाले, "म्हणजे पोरं बरोबर होती."

"पडद्यावर दिसत होतं ना तुम्हाला?" कोठेकर साहेबांनी मला विचारलं. "अक्षरं उलटीसुलटी पडतायत तर परीक्षेत तेव्हाच हात वर करायचा."

"आम्ही पडद्याकडे बघत नाही, साहेब."

"बघत नाही?"

"मी बघू देत नाही," सर म्हणाले.

ऋतानं कीबोर्ड आपल्याकडे ओढला होता. काळ्या पडद्यावर बारीक अक्षरांच्या ओळी वर सरकत होत्या.

०

ते बोलणं मला जवळजवळ जसंच्या तसं आठवतं.

"नवीन कर्नलमुळे होतंय हे," ऋता म्हणाली.

"कर्नल? आता यात मिलिटरी कुठून आली?" कोठेकर साहेब.

"नाही सर, कर्नल म्हणजे कॉम्प्युटरच्या आतला मुख्य कारभारी. कीबोर्डवर कुठली कळ दाबली ते प्रोग्रॅमला परस्पर कळत नाही. कर्नल कीबोर्डला विचारतो, मग प्रोग्रॅमला सांगतो."

"बरं."

"आधीचा कर्नल कीबोर्डला सारखं विचारायचा. काही आहे का, काही आहे का. तुमची मशीन जुनी. त्यांचा निम्मा दम ह्या विचारण्यातच जायचा. आठवतंय ना, पूर्वी भर परीक्षेत मशीन अडकायची?"

"आठवतंय म्हणजे? एका केंद्रावर खुर्च्या तोडल्या पोरांनी."

"म्हणून केंद्रांवरच्या मशीनसाठी केलेल्या नव्या कर्नलमध्ये विचारणं कमी केलं. जरा दमानं विचारतो. मशीन हलकी झाली, अडकायची थांबली. पण दोन विचारण्यांच्या मधे दोन कळा दाबल्या गेल्या, तर कीबोर्ड दोन्ही एकदम देतो. पहिली कुठली, दुसरी कुठली, हे सांगत नाही. कर्नल त्याच्या क्रमानं लावून मोकळा होतो."

"टपालपेटीसारखं," सर म्हणाले. "पोस्टमन तासातासाला यायचा तो आता संध्याकाळी येते. पेटीत दोन पत्रं. कोणतं आधी टाकलं, त्याले काय माहीत."

"अगदी तसंच. जे एक कळ पूर्ण सोडून मग दुसरी दाबतात त्यांना काहीच होत नाही."

"गोपाल टाले," मी म्हटलं.

"कोण?"

"काही नाही."

सरांनी विचारलं, "हे तुम्ही कुठं लिहिलं आहे का? असा बदल केला म्हणून?"

"बदलांची नोंद असते." तिनं शोधून काढली. वाचायच्या आधी जरा थांबली. "कामगिरीत सुधारणा. इतर परिणाम नाहीत."

"कोणावर नाहीत?"

तिनं नोंदीची खिडकी बंद केली.

०

कोठेकर साहेब वाईट नव्हते, हे लिहायला हवं. त्यांनी चहा मागवला. मला नाव विचारलं, वडिलांचं विचारलं. वडील त्यांच्या ओळखीचे निघाले. मग त्यांनी शांतपणे काय होऊ शकतं आणि काय नाही ते सांगितलं.

झालेले निकाल बदलता येणार नाहीत. मंडळाकडे मशीननं टिपलेला पेपर तेवढाच असतो, हाताचा पुरावा कुठेच नसतो. पुढच्या परीक्षेच्या आत कर्नल बदलता येणार नाही. सगळ्या केंद्रांवरची मशीन तपासून मोहोरबंद झाली आहेत. जुना कर्नल परत घातला तर ती पुन्हा अडकायला लागतील. नवा दुरुस्त करायला वेळ लागेल. किती, ते ऋतालाही सांगता येत नव्हतं.

"मग काय करायचं, साहेब?" मी विचारलं. "माझी मुदत संपते."

"एक करता येईल. सर्व उमेदवारांना सूचना काढतो." त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि तिथल्या तिथे लिहून वाचून दाखवलं. "उमेदवारांनी एका वेळी एकच कळ दाबावी. पहिली कळ पूर्णपणे सोडल्याशिवाय दुसरी दाबू नये."

"चूक मशीनची," सर म्हणाले, "आणि सूचना पोराइले?"

"मशीनला सूचना देता येत नाही, वाठोरे."

बाहेर पडताना ऋता माझ्याबरोबर फाटकापर्यंत आली. "हा बदल मी नाही केला," ती म्हणाली. "पण आमच्या मशीनवर तो तपासला मीच. शंभरदा तपासला असेल." तिनं आपला हात वर करून पाहिला. "ह्या चार बोटांनी."

मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. मी तिचा नंबर घेतला.

०

सर दोन दिवस क्लासात आले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले.

"सर, मला एकेक कळ शिकवा."

"ते शिकवायचं असते का? ते तर न शिकलेल्याले पण येते."

"मला येत नाही. मी करून पाहिलं. चार शब्द एकेक जातात, पाचव्याला बोटं धावतात. मला समजतसुद्धा नाही कधी धावली."

"मी घडवलेला हात मीच मोडू?"

"माझी नोकरी जाईल, सर."

ते खिडकीशी उभे राहिले. त्यांची बायको आतून म्हणाली, "बोलत काऊन नाही तुमी? पोर उभी आहे." तरी ते बाहेरच बघत राहिले. मी चप्पल घातली आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी क्लासात माझ्या जागेवर कॉम्प्युटर नव्हता. तिथे एक लोखंडी टाइपरायटर होता. सरांनी तो कुठून आणला ते मी विचारलं नाही. फीत नवीन होती, तेल ताजं होतं.

"बस," सर म्हणाले. "आता तुले मी शिकवणार नाही. हे शिकवेल."

मी बसले, उतारा डावीकडे, आणि बोटं सवयीनं धावली. खटाक्. तीन दांड्या एकमेकींत अडकून तोंडाशी उभ्या राहिल्या.

"सोडव."

सोडवल्या. बोटं काळी झाली.

"पुन्हा."

खटाक्.

"सोडव."

आठवडाभर हेच चाललं. ऑफिसातही माझा वेग गेला. साहेब वाक्य संपवून माझी वाट बघत बसायला लागले. "आडे, बरं नाही का?" हाताला वळण लागत होतं ते दोन्हीकडे लागत होतं. एक ऑफिसासाठी आणि एक परीक्षेसाठी, असे दोन हात मला ठेवता येत नव्हते.

एका संध्याकाळी पूर्ण उतारा एकही दांडी न अडकता गेला. मी वळून पाहिलं. सर खुर्चीत होते, पट्टी मांडीवर.

"झालं, सर."

"हो," ते म्हणाले. "आवाजावरूनच समजलं."

०

परीक्षा.

खुर्ची. उतारा. घंटा.

बोट. खाली. वर. दुसरं. खाली. वर.

घाई नाही. शब्द. जागा. शब्द.

शेजारी कोणीतरी धावतंय. ऐकू नको. तिसरं बोट. खाली.

वर.

"जलसंधारणाच्या." मोठा शब्द. इथे धावतात बोटं. दोन्ही हात सुटायला बघतात. आईनं सकाळी भाकरी बांधून दिली. तिनं काही विचारलं नाही. ज. ल. सं. एक. एक. एक.

मान वळवली. पडद्याकडे. पहिल्यांदा परीक्षेत. पट्टी नाही पडली.

बरोबर आहे.

मिनिटं किती राहिली. बघू नको. ओळ. बोट. ओळ. शेवटची. पूर्णविराम.

घंटा.

०

पास झाले. पस्तीस शब्द, चुका नाहीत. तायडेबाईंनी माझ्या देखत सेवापुस्तिकेत नोंद घेतली, शाई वाळेपर्यंत पान उघडं ठेवलं, आणि म्हणाल्या, "आता बापाची खुर्ची तुझी."

पुढच्या वर्षी कधीतरी ऋताचा फोन आला. मी ऑफिसात होते.

"प्रणिता, झालं दुरुस्त! नवीन कर्नल सगळ्या केंद्रांवर गेलाय. मशीन अडकतही नाहीत आणि क्रमही चुकत नाही. ह्या वेळी तपासायला आम्ही खरे टायपिस्ट बोलावले होते."

"छान झालं."

"आणि नोंदीत काय लिहिलंय सांगू? 'किरकोळ दुरुस्ती.'" ती हसली. "सरांना सांग. म्हणावं, आता धावा."

संध्याकाळी मी क्लासला गेले. बाहेरूनच ठेका ऐकू आला. नवी बॅच होती, बाकं पुन्हा भरली होती. पट्टी टेबलावर पडत होती आणि प्रत्येक ठोक्याला सगळ्या कीबोर्डांचा मिळून एकच आवाज येत होता. मंडळाची सूचना लॅमिनेट करून फळ्याच्या वर लावलेली होती.

मी सरांना सांगितलं. त्यांनी पट्टी थांबवली नाही.

"किती दिवस राहील हे?"

"म्हणजे?"

"म्हणजे पुन्हा काही सुधारणार नाहीत, याची खात्री आहे का?"

ते मी ऋताला विचारलं नव्हतं.

"एकेक कळ जुन्यावर चालते, नव्यावर चालते, पुढं जे येईल त्याच्यावर पण चालेल," सर म्हणाले. "धावती बोटं कधी चालतील, कधी नाही. ज्याची नोकरी टांगून आहे त्यानं काय शिकावं? तूच सांग."

मी फळ्यावरच्या सूचनेकडे पाहिलं.

मग त्यांनी पट्टी खाली ठेवली. "पण एक डाव दाखव याइले. पाहू तर दे कसं असते ते." आणि बॅचकडे वळून, बऱ्याच दिवसांनी मोठ्या आवाजात म्हणाले, "इकडं पाहा रे सगळे! ह्या आडे मॅडम. आपल्या क्लासच्या. धावती बोटं म्हणजे काय चीज असते, ते आज पाहून घ्या."

पोरं माझ्याभोवती जमली. मी पहिल्या बाकावर बसले. कोणीतरी उतारा डावीकडे ठेवला. मी मान वळवली, खांदे सैल सोडले, आणि सुरू केलं.

बोट खाली गेलं. वर आलं. मग दुसरं निघालं.

मी पुन्हा केलं, जरा जोरात. खाली. वर. मग दुसरं. मला हात सोडून द्यायचे होते, पण ते कसे सोडून द्यायचे तेच मला आठवेना. ओळ संपली. मी दुसरी घेतली, वाटलं तापले की धावतील. तिसरी घेतली. सबंध उतारा तसाच गेला, ठोक्यागणिक एक, सरळ, स्वच्छ. मी शेवटचा पूर्णविराम दिला आणि हात मांडीवर घेतले.

पोरं सरांकडे बघत होती.

पुढची एक मुलगी म्हणाली, "सर, असंच तर आम्ही पण करतो. फरक काय याच्यात?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी कीबोर्डकडे बघत होते.

"काही नाही," सर म्हणाले. "एक चूक दाखव त्याच्यात. आहे का? मंग? बसा जागेवर."

पोरं बसली. सरांनी टेबलावरची पट्टी उचलली. पहिला ठोका पडला, आणि माझं बोट पोरांच्या बोटांबरोबर खाली गेलं.